काडतुसांच्या नावांतील इतिहास

शस्त्रांचा इतिहास लिहिणारे बहुधा बंदुकीचे वर्णन करितात. काडतुसाकडे त्यांचे लक्ष फारसे जात नाही. अमेरिकेतील शिकारी बंदुकींच्या बाबतीत मात्र, आमच्या मते, खरा इतिहास काडतुसांच्या नावांत साठविलेला आहे. ही नावे पुष्कळदा नुसते आकडे असतात. वाचकांस ती प्रथमदर्शनी रुक्ष वाटतील. पण ती उलगडू लागली म्हणजे त्या देशाच्या शंभर वर्षांच्या उलाढाली त्यांत दिसू लागतात.

‘४५-७०’ हे नाव प्रथम घेऊ. हे काडतूस अमेरिकन सैन्याने १८७३ साली स्वीकारले. यांतील ४५ हा गोळीचा व्यास, म्हणजे इंचाचे शंभर भाग केल्यास त्यांपैकी ४५. आणि ७० हे काळ्या दारूचे वजन, ग्रेनमध्ये. ग्रेन म्हणजे स्थूलमानाने अर्धी गुंज. गोळी शिशाची, ४०५ ग्रेनची, म्हणजे आपल्याकडील सव्वादोन तोळे भरेल एवढी. याच कुळांतील दांडगी काडतुसे शार्प्स कंपनीच्या एकबारी रायफलींत घालून कातड्याच्या व्यापाऱ्यांनी पोसलेल्या शिकाऱ्यांनी पश्चिमेकडील गवताळ मैदानांतील रानरेड्यांचा संहार केला. शिकारी दूर बसून प्रथम कळपाची म्होरकी मादी पाडी. मग बाकीची जनावरे पळून न जाता तिच्याभोवती घुटमळत राहत, आणि एकामागून एक मारली जात. कातडे सोलून घ्यावे व मांस कुजू द्यावे, असा तो व्यवहार होता. त्या कातड्यांचे पट्टे करून पूर्वेकडील कारखान्यांची यंत्रे फिरत. एके काळी ज्यांची गणना कोटींनी होत असे, ते प्राणी १८८९ पर्यंत सुमारे एक हजार उरले. आणि ज्या मूळ रहिवाशांचा सारा निर्वाह त्यांच्यावर चाले, त्यांची अन्नान्नदशा झाली. हिला शिकार म्हणणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. बंदूक उत्तम होती, एवढेच म्हणता येईल.

यापुढील पालट निर्धूम दारूने घडविला. ही दारू फ्रान्समध्ये १८८४ साली व्येय नामक रसायनज्ञाने सिद्ध केली. जुन्या दारूने बारामागे धुराचा लोट उठे व गोळी सेकंदास तेराशे फुटांच्या आसपास जाई; नव्या दारूने धूर जवळजवळ नाहीसा झाला आणि बारीक गोळी दोन हजार फुटांच्या घरात गेली. युटा प्रांतातील ऑग्डेन गावच्या एका बंदूक-कारागिराचा मुलगा जॉन मोझेस ब्राउनिंग याने विंचेस्टर कंपनीसाठी आखलेली १८९४ ची रायफल या दारूस जुळून आली. ही कंपनी स्थापन करणारा ऑलिव्हर विंचेस्टर मूळचा सदऱ्यांचा कारखानदार होता, हेही येथे सांगण्यासारखे आहे. १८९५ साली या रायफलीसाठी ‘३०-३०’ हे काडतूस निघाले: ३० व्यास, आणि ३० ग्रेन निर्धूम दारू. दारूचा प्रकार बदलला तरी नाव ठेवण्याची रीत जुनीच राहिली. या नावाची एक गंमत सांगतात. विंचेस्टरने काडतुसास आपले नाव जोडले होते; ते प्रतिस्पर्ध्याचे नाव स्वतःच्या नळीवर कोरणे मार्लिन कंपनीस रुचेना, म्हणून तिने नुसते आकडे कोरले. पुढे लोकांनीही आकडेच उचलले.

या रायफलीत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकापुढे एक राहतात. गोळी टोकदार असली तर तिचे टोक पुढच्या काडतुसाच्या केपवर टेकून आतल्या आतच बार उडण्याचे भय. म्हणून गोळी बोथट ठेवावी लागे, आणि बोथट गोळीचा वेग हवेत लवकर मंदावतो. परिणामी दीडशे यार्डांपलीकडे या बंदुकीचा भरवसा थोडा. आमच्या मते हा तिचा दोष नसून गुणच होता. हरणाच्या जवळ जाण्यावाचून गत्यंतर नाही, म्हणजे वारा पाहणे आले, पाऊल जपणे आले. ती हलकी, चपटी, घोड्याच्या खोगिराशी सहज राहणारी होती. अशा सत्तर लाखांहून अधिक रायफली निघाल्या, आणि २००६ साली न्यू हेवन येथील कारखाना बंद झाला.

ब्राउनिंगच्याच १८९५ च्या रायफलीत काडतुसांची पेटी चापापुढे उभी बसविलेली होती; त्यामुळे टोकदार गोळीस मज्जाव उरला नाही. या रायफलीचे ‘४०५’ काडतूस थिओडोर रूझवेल्टने १९०९ साली आफ्रिकेत सिंहांवर वापरले. तीच रायफल व तेच काडतूस पुढे बंगळूरच्या केनेथ अँडरसनच्या हाती दक्षिणेतील नरभक्षक वाघांच्या मागे हिंडले.

‘३०-०६’ मधील ०६ हे दारूचे वजन नव्हे. ते १९०६ साल होय. येथे नाव ठेवणारा व्यापारी नसून सैन्य आहे, आणि सैन्यास सनावळी प्रिय. त्याच काडतुसाची मान आवळून १९२५ साली ‘२७०’ निघाले. त्याच्या गोळीचा व्यास वास्तविक २७७ आहे. तेव्हा हे नाव अक्षरशः खरेही नाही. या २७० वरून जो वाद माजला, तो आपल्याकडील वाङ्मयीन वादांस लाजविणारा होता. जॅक ओकॉनर हा ॲरिझोना विद्यापीठातील प्राध्यापक आणि कादंबरीकार. हलकी, वेगवान गोळी नेमकी मर्मी बसली की पुरे, हे त्याचे म्हणणे. एल्मर कीथ हा गुराख्याचे आयुष्य काढलेला मनुष्य. जनावर कसेही उभे असो, हाडे मोडून आरपार जाईल अशी जाड, जड गोळीच हवी, हा त्याचा आग्रह. दोघांनी मासिकांतून तपेच्या तपे एकमेकांस टोचले. ओकॉनरची भाषा सरस, हे आम्ही निःशंकपणे म्हणू. पण कीथचा पक्ष अगदीच पोकळ नव्हता, कारण प्रत्येक शिकाऱ्याचा नेम प्राध्यापकासारखा नसतो.

ओकॉनरची आवडती रायफल विंचेस्टरची ‘सत्तर क्रमांकाची’. ती १९३६ साली निघाली. काडतुसाची कड घट्ट धरून त्यास घरात नेणारी पोलादी नखी तिच्यात होती. १९६४ साली खर्च वाचविण्यासाठी कंपनीने ती काढली, आणि दस्त्यावरील हाताने कोरलेल्या नक्षीऐवजी दाबून उठविलेली नक्षी आणली. गिऱ्हाइकांनी हे तत्काळ ओळखले. तेव्हापासून ‘चौसष्टपूर्व’ ही जातच निराळी झाली, आणि पुढे कंपनीस ती जुनी नखी परत आणावी लागली.

शिकारीच्या बंदुकी व काडतुसे यांवर कर असे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने ते उत्पन्न वन्य प्राण्यांच्या जोपासनेसाठी संस्थानांस वाटण्याचे ठरले, आणि ती व्यवस्था अद्याप चालू आहे. सैन्याने १८९२ साली टाकून दिलेले ४५-७० आजही कारखान्यांतून निघते. त्याच्याही प्रत्येक पेटीवर हा कर बसतो.