तोरणाचं कूळ

एप्रिल-मेमध्ये शहापूर-मुरबाडच्या बाजारात करवंदांच्या शेजारी पांढऱ्या फळांचे वाटे दिसतात. ठाकूर, कातकरी बायका माहुली आणि माळशेजच्या पायथ्याच्या रानातून काढून आणतात ती ही तोरणं. पिठूळ, गोड गर आणि आत एकच बी. झुडपाचे काटे मागे वळलेले. हात आत सहज जातो, बाहेर काढताना ओरखडतो.

तोरण बोराच्या भावकीतलं. पान उलटून पाहा: देठापासूनच फुटलेल्या तीन-चार ठळक शिरा आणि खाली तांबूस लव. बोराच्या पानालाही तशाच तीन शिरा, फक्त लव पांढरट.

ही भावकी ग्रंथात उतरायला मात्र वेळ लागला. १७५३ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने बोराला युरोपातल्या ‘रॅम्नस’ या काटेरी झुडपाच्या प्रजातीत घातलं. त्याची वर्गवारी पुंकेसर मोजून चाले. पाच पुंकेसरांच्या त्या वर्गात वांगं आणि बोर एकाच पंगतीला बसली. पुढच्याच वर्षी फिलिप मिलरने बोरांसाठी ‘झिझिफस’ ही वेगळी प्रजाती मांडली. १७८९ मध्ये लामार्कने तोरणाला ‘झिझिफस रुगोसा’ म्हटलं. रुगोसा म्हणजे सुरकुतलेलं. त्याच वर्षी जुस्यूने सगळ्या फुलाचा विचार करून हे कूळच वेगळं काढलं. खूण बारीक आहे. बहुतेक झाडांत पुंकेसर दोन पाकळ्यांच्या फटीसमोर असतात, बोरात ते पाकळीच्या अगदी पुढ्यात, तिच्या खोळीत. तोरणाच्या फुलाला पाकळ्याच नसतात, तरी पुंकेसरांनी जागा सोडलेली नाही. १९९८ च्या जनुकाधारित मांडणीत हे कूळ गुलाब, वड आणि फणस यांच्या गणात आलं.

कूळ एक, उपयोग निरनिराळे. युरोपी रॅम्नसची काळी फळं जुलाबाला देत आणि त्यांच्या रसातून चित्रकारांचा हिरवा रंग करत. आपल्याकडे घटबोराचं फळ खात नाहीत. चांभार त्याने कातडं काळं करत. बोरावर लाखेचे किडे पोसतात. तोरण मात्र खायचंच, आणि तेही ताजं. शेती-बागेत ते कुणी लावत नाही, त्यामुळे रान तुटलं की वाटाही बाजारातून गेला.

मे महिन्यात शहापूर-मुरबाडच्या रस्त्याने जाल तेव्हा एक वाटा घ्या, आणि घासाघीस करू नका. काट्यांतून एकेक फळ वेचण्याची मजुरी त्यातच आहे.