जाहिरातींची उसनवारी

वरठीच्या भंडारा रोड स्थानकावर गाडीची वाट पाहणारा उतारू हल्लीं हातांतल्या फोनवर जो व्हिडिओ पाहून हंसतो, त्याचीच नक्कल थोड्याच दिवसांत एखाद्या जाहिरातींत त्याला भेटते. २०२१ च्या फेब्रुवारींत पाकिस्तानांतील दनानीर मुबीन या तरुणीनें 'पार्टी' शब्दाचा मुद्दाम केलेला 'पावरी' हा उच्चार छत्रपती संभाजीनगरच्या यशराज मुखाटे यानें गाण्यांत गुंफला, आणि लगोलग कित्येक पेढ्यांनीं त्याच साच्यांत आपला माल बसविला.

ही उसनवारी जुनीच. १८८६ सालीं इंग्रज चित्रकार जॉन मिले यांनीं साबणाचा फुगा न्याहाळणाऱ्या आपल्या नातवाचें चित्र रंगविलें. तें हक्कांसह पीअर्स साबणवाल्यांच्या हातीं गेलें. त्यांनीं चित्रांत साबणाची वडी घातली. टीका मात्र मिले यांच्या वांट्यास आली! तरी तेथें चित्राचें मोल मोजलें होतें. नुसती कल्पनाच उचलली तर? 'न्यू दिल्ली' (१९५६) हा चित्रपट आपल्या 'हम हिंदुस्तानी' या नाटकावरून उचलला, असा दावा आर. जी. आनंद यांनीं केला. १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो अमान्य केला: संरक्षण मांडणीस, कल्पनेस नव्हे. प्रस्तुत लेखकास हें तत्त्व योग्यच वाटतें; कल्पनांना कुलूप असतें, तर आपलीं निम्मीं आख्यानें लिहिलींच गेलीं नसतीं. पण आनंद निदान सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोंचले. वरठीच्या एखाद्या पोरानें टिपलेली गंमत, मांडणीसुद्धां, मोठ्या पेढीनें उचलली, तर दाव्याचा खर्च तो कोठून आणणार?