वठाराचा मालक आणि भाडे-नियंत्रण

बंगळूरच्या जुन्या पेठांतील वठार, म्हणजे सामाईक अंगणाभोवती ओळीने बांधलेली भाड्याची घरे. त्याला मुंबईच्या चाळीचे भावंड मानावे काय, हा प्रश्न तौलनिक अभ्यासकास पडतो. दोहोंचे साम्य रचनेपेक्षा कायद्यात अधिक आहे. 1947 चा मुंबई भाडे-नियंत्रण कायदा बेळगाव भागात 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतरही चालू राहिला. त्याची आणि जुन्या म्हैसूरच्या 1951 च्या कायद्याची जागा 1961 च्या एकाच कायद्याने घेतली. त्यान्वये घर रिकामे होताच मालकाने नियंत्रकास कळवावयाचे. ते कोणास द्यावे, हे ठरविण्याचा अधिकार नियंत्रकाकडे. घर स्वतःचे, किल्ली मात्र कचेरीत! भाडेवाढीस मर्यादा होती, गिलाव्याच्या आणि कौलांच्या खर्चास नव्हती.

मुंबईतील भाडी 1940 च्या पातळीवर गोठविणे कालौघात अवाजवी ठरले, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1997 मध्ये दिला. कर्नाटकाचा 1999 चा कायदा 31 डिसेंबर 2001 रोजी अमलात आला आणि बंगळुरात दरमहा 3,500 रुपयांहून अधिक भाड्याची घरे नियंत्रणातून सुटली. म्हणजे बंगल्याचा धनी मोकळा झाला. वठाराचा तेथेच राहिला. मराठी चाळकथेत मालक बहुधा पडद्याआड असतो, किंवा खलपुरुष तरी. एका खोलीत स्वतः राहून उरलेल्या चार खोल्यांच्या भाड्यावर गुजराण करणारी मालकीण त्या कथेत क्वचितच आढळते.