धाब्यावरून पत्र्याखाली



आपल्या खानदेशात घराचे छत म्हटले की जुन्या माणसांच्या डोळ्यांसमोर येते ते धाबे. धरणगाव, एरंडोल, अमळनेर, चोपडा, कुठल्याही जुन्या गल्लीत जा; दोन-चार धाब्याची घरे अजून उभी दिसतील. जाड मातीच्या भिंती, सागाच्या तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर लाकडाच्या पट्ट्या, त्यावर पाला-काड्यांचा थर आणि सर्वात वर वीतभर किंवा त्याहून जाड पांढरी खारी माती. ही माती पहिल्या पावसात फुगून घट्ट बसते आणि पाणी खाली उतरू देत नाही. उतार अगदी थोडा, आणि पाणी बाहेर काढायला कडेला पन्हाळी.

इतिहासाच्या पुस्तकांत धरणगाव भेटते ते वेगळ्याच कारणांनी. १६७४ साली इंग्रजांनी इथे वखार घातली, १८२५ मध्ये आऊट्रमने इथे भिल्ल कोअर उभी केली, १८९० मध्ये बालकवींचा जन्म इथला. पण ज्या छताखाली आपल्या आज्या-पणज्यांचा जन्म गेला, त्या छताचा इतिहास कोणी फारसा लिहीत नाही. म्हणून आज तोच विषय घेतला आहे.

धाब्याची निगा हे वर्षाचे काम होते. वैशाखात खारी माती आणायची, जुनी भेग शोधायची, नवा थर टाकून चोपायचा. मजूर लावले तरी पाणी पुरवणे, घरात पडलेली माती झाडणे, भांडी-धान्य झाकणे हे सगळे बायकांकडे. दर वर्षी नवा थर पडला की छताचे वजन वाढे आणि काही वर्षांत तुळई वाकायला लागे. आपल्या घरांत आणखी एक अडचण होती. श्रावणात धाब्यावर हिरवी लीलण-फूलण येते. त्यावर पाय ठेवायचा नाही हे लहानपणापासून शिकवलेले. पण धाबे गळते तेही नेमके श्रावणातच! वर जाऊन भेग बुजवावी तर जीवहिंसा, न बुजवावी तर खाली धान्याच्या कोठ्या भिजणार आणि त्यात जीव पडणार. आमच्या सासूबाई सांगतात की त्यांच्या सासूबाई मग वर कोणालाच पाठवत नसत. गळतीखाली पातेली मांडत आणि रात्रभर उठून ती बदलत.

इतके असूनही धाब्याने बायकांना बरेच काही दिले. पापड, कुरडया, मिरच्या, डाळी, सगळे वाळवण धाब्यावर. उन्हाळ्यात रात्री अंथरुणे धाब्यावर. एका घराचे धाबे दुसऱ्याला लागून, त्यामुळे डोक्यावरचा पदर जरा सैल सोडून शेजारणीशी चार शब्द बोलायची हीच जागा. आणि खाली गारवा. मातीचा जाड थर दुपारचे ऊन आत यायला कित्येक तास लावतो. ते आत पोचेपर्यंत रात्र झालेली असते. विहारात महासतीजी घरी थांबल्या की हा गारवा फार मोलाचा. त्या पंखा वापरत नाहीत. जळगावच्या ४४-४५ अंशांच्या उन्हात पंख्याशिवाय बसता येईल अशी खोली म्हणजे धाब्याची खोली.

आता पत्र्याकडे वळू. लोखंडाच्या सपाट पत्र्याला लाटा पाडल्या की तो स्वतःचे वजन पेलतो, खाली फार लाकूड लागत नाही. ही युक्ती १८२९ मध्ये लंडनच्या गोदीतले अभियंते हेन्री पामर यांनी पेटंट केली. आऊट्रम तेव्हा इकडे खानदेशातच होता. लोखंड गंजते, म्हणून १८३७ मध्ये फ्रान्सच्या सोरेल यांनी ते वितळलेल्या जस्तात बुडवून काढायची रीत पेटंट केली. या दोन युक्त्या मिळून आपला नळीदार जस्ती पत्रा तयार झाला. हलका, एकावर एक रचून जहाजात भरता येणारा, आणि कुठेही चार माणसांनी चढवता येणारा.

खानदेशात पत्रा आला तो कापसाच्या मागे. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस थांबला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे भुसावळला पोचली. पुढे १९०० च्या सुमारास सुरतेकडून तापी खोऱ्यातली रेल्वे झाली, तिच्यावर धरणगावचे स्टेशन. याच काळात गावोगाव जिनिंग-प्रेसिंग उभ्या राहिल्या. कापसाच्या गंजीला एक ठिणगी पुरे, आणि पाऊस लागला तर माल गेला. मोठ्या शेडला कमी खांबांवर उभे राहणारे, न जळणारे छत हवे होते. त्यामुळे पत्रा आधी जिनवर, स्टेशनच्या गोदामावर आणि अडत्यांच्या वखारींवर चढला. आपल्या समाजातली कितीतरी घराणी कापसाच्याच व्यापारात होती. दुकानावर पत्रा आला, मग तो घरावर यायला वेळ लागला नाही.

आधी हा पत्रा विलायतेहून येई. जमशेदपूरच्या टाटांच्या कारखान्यात पोलाद निघू लागले १९१२ पासून. दुसऱ्या महायुद्धात लोखंडावर सरकारी नियंत्रण आले, ते स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे राहिले. पत्र्यासाठी अर्ज करायचा, परमिट मिळाले तर आणायचा. ज्याच्या घरावर पत्रे चढले त्याची गावात पत वाढे. सोयरीक बघताना 'घर पत्र्याचे आहे' असे आवर्जून सांगत, असे मोठ्या काकीजींकडून ऐकले आहे.

पत्र्याने गळती थांबवली, चोपायचे काम संपवले. पातेली बदलणाऱ्या बाईला पावसाळ्यात रात्रीची झोप मिळाली. हे उपकार लहान नाहीत. पण पत्र्यावर चढता येत नाही, म्हणून वाळवण अंगणात आले, बोलणे दारापुरते उरले, आणि ऊन थेट घरात आले. पत्रा तापायला काही मिनिटे पुरतात. त्यात आपला स्वयंपाक चौविहाराचा. सूर्यास्ताआधी सगळ्यांची जेवणे व्हायची तर चूल पेटते चार-साडेचारला, म्हणजे पत्रा तापलेला असतो तेव्हाच. इतर घरांत संध्याकाळी सात-आठला स्वयंपाक होतो, तोवर पत्रा निवलेला असतो. आपल्या बायकांनी नियम पाळला आणि त्या भट्टीत उभ्याही राहिल्या. छत निवडताना या गोष्टीचा हिशेब कोणी केला नाही, कारण निवडणारे त्या वेळी दुकानात असत.

यंदा आमच्या घराच्या मागच्या भागाचे धाबे बदलायची वेळ आली. चर्चा सुरू झाली ती पत्र्याच्या भावाची. सासूबाईंनी विचारले, "स्वयंपाकघरात चार वाजता कोण उभे राहणार, आणि वाळवण कुठे घालणार?" मग सगळे नव्याने ठरले. तुमच्या कामी येईल म्हणून सांगते.

स्वयंपाकघराच्या तुळया वाळवीने खाल्ल्या होत्या, तिथे धाबे काढले. भिंती दोन फूट वाढवल्या, वर पांढऱ्या रंगाचा पत्रा, खाली सिलिंग आणि मधली हवा बाहेर जायला दोन्ही टोकांना जाळी. पांढरा रंग ऊन परतवतो, गडद निळा-लाल ते शोषतो. शेजारच्या खोलीच्या तुळया शाबूत निघाल्या. तिथे वरचे जादा थर उतरवून वजन कमी केले, धाबे ठेवले आणि त्याच्या वर हातभर उंच लोखंडी पाइपांवर छत्रीसारखा पत्रा टाकला. आता पाऊस पत्रा झेलतो, ऊन माती झेलते. धाब्यावर पाणीच पडत नाही, त्यामुळे लीलण-फूलणही येत नाही. महासतीजींसाठी ती खोली राखली आहे. वाळवणासाठी पुढच्या पडवीवर दहा बाय बारा फुटांचा स्लॅब घातला.

पत्रा घेताना गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे लक्षात ठेवा. म्हणून जाडी मिलिमीटरमध्येच विचारा. आम्ही अर्ध्या मिलिमीटरचा घेतला. साध्या जस्ती पत्र्यापेक्षा ५५ टक्के ॲल्युमिनियम आणि बाकी बहुतेक जस्त असा मुलामा जास्त वर्षे टिकतो. ही पद्धत १९७२ पासून अमेरिकेत बाजारात आली. स्क्रू लाटेच्या माथ्यावर बसवावा, खोलगट भागात नको, आणि त्याखाली रबराचा वायसर हवाच. आपल्याकडे पावसाचा वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून पत्रे पूर्वेच्या टोकापासून लावत आणावे. जोडात पाणी घुसत नाही. वैशाखातल्या वादळात पत्रे आधी कडेने उचलले जातात, तेव्हा कडेला स्क्रू जवळजवळ मारून घ्या. वर दगड ठेवू नका. दगड वादळात खाली येतो, आणि त्याच्याखाली ओल राहून पत्रा गंजतो.

काम अक्षयतृतीयेच्या आसपास उरकले तर चातुर्मासात ठोकाठोक राहत नाही. जुने धाबे उतरवण्याआधी कड्यांच्या फटी बघा. चिमणीचे घरटे असेल आणि पिल्ले असतील, तर ती उडेपर्यंत पंधरा-वीस दिवस थांबता येते. आम्ही थांबलो. कडेला पन्हाळ लावून टाकी जोडली तर ५०० चौरस फुटांच्या पत्र्यावरून १० मिलिमीटर पावसात सुमारे ४६० लिटर पाणी मिळते. पहिल्या पावसाचे सोडून द्यावे, पुढचे धुण्या-पुसण्याला चालते.

लंडनच्या गोदीसाठी निघालेले आणि कापसासाठी खानदेशात आलेले हे छत शेवटी आपल्या चुलीवर येऊन थांबले. पुढच्या वेळी घरात छताची बोलणी निघतील तेव्हा भाव काढायच्या आधी विचारा, की या छताखाली दुपारी चार वाजता कोण उभे असणार आहे. तिला विचारूनच पत्रा ठरवा.