छतावरील व्हीएचएफ अँटेना (हौशी रेडिओ)

छतावरील व्हीएचएफ अँटेना म्हणजे हौशी रेडिओ केंद्रासाठी घराच्या छतावर किंवा गच्चीवर उभारलेली, ३० ते ३०० मेगाहर्ट्झ या अति उच्च वारंवारता पट्ट्यात काम करणारी अँटेना होय. भारतात या पट्ट्यातील १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा भाग हौशी रेडिओसाठी विशेष वापरात आहे. त्याची तरंगलांबी सुमारे दोन मीटर असल्यामुळे तो ‘दोन मीटरचा पट्टा’ म्हणून ओळखला जातो. प्रक्षेपणासाठी केंद्रीय दळणवळण मंत्रालयाच्या वायरलेस नियोजन व समन्वय शाखेची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना घ्यावा लागतो. अँटेना कोणती असावी, हे मात्र बहुतांशी परवानाधारकाच्या विवेकावर सोडलेले आहे. प्रस्तुत लेखात हा विषय यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस या तालुक्याच्या गावाच्या संदर्भात मांडला आहे.

पार्श्वभूमी

३० सप्टेंबर १९९३ रोजी झालेल्या किल्लारी भूकंपानंतर आणि २००१ च्या गुजरात भूकंपानंतर हौशी रेडिओचालकांनी संपर्काचे काम केले होते. यवतमाळ जिल्ह्यात असा प्रसंग बहुधा पुराच्या रूपाने येतो. २२ जुलै २०२३ रोजी महागाव तालुक्यातील आनंदनगर येथे पुरात अडकलेल्या नागरिकांच्या सुटकेसाठी हवाई दलाचे हेलिकॉप्टर मागवण्यात आले होते. दिग्रसजवळच अरुणावती नदीवरील धरण आहे. अतिवृष्टीत वीज दीर्घकाळ खंडित झाली की मोबाइल मनोऱ्यांच्या बॅटऱ्याही संपतात. अशा वेळी मोटारीच्या बॅटरीवर चालणारा संच आणि छतावरील साधी अँटेना यांवरच संपर्क टिकू शकतो. ही अँटेना पूर येण्याआधीच उभारलेली व तपासलेली असावी लागते.

उंची आणि पल्ला

व्हीएचएफ तरंग सामान्यतः दृष्टिरेषेत प्रवास करतात, म्हणून पल्ला प्रक्षेपणशक्तीपेक्षा उंचीवर अधिक अवलंबून असतो. सपाट प्रदेशात रेडिओ क्षितिजाचे किलोमीटरमधील अंतर हे अँटेनाच्या मीटरमधील उंचीच्या वर्गमुळास ४.१२ ने गुणून मिळते. नऊ मीटर उंचीसाठी ते सुमारे १२ किलोमीटर, तर सोळा मीटरसाठी साडेसोळा किलोमीटर येते. दोन्ही केंद्रांची क्षितिजे मिळवून एकूण पल्ला काढतात.

दिग्रसहून पुसद सरळ रेषेत पंचवीस-तीस किलोमीटर नैऋत्येस आहे. दोन्हीकडे बारा मीटर उंचीच्या अँटेना असल्यास हे अंतर गणिताने जेमतेम साधते; परंतु पुसदचा परिसर डोंगराळ असल्याने गणित आणि प्रत्यक्ष यांत तफावत पडते. यवतमाळ सुमारे पन्नास किलोमीटर ईशान्येस, पठारावर आहे. नागपूर पावणेदोनशे किलोमीटरहून दूर असले, तरी त्याची दिशाही जवळजवळ तीच आहे. त्यामुळे यवतमाळकडे रोखलेली दिशिक अँटेना नागपूरकडेही रोखलेलीच असते, ही दिग्रसकरांची सोय म्हणावी लागेल. हवेच्या थरांत तापमानाचा व्युत्क्रम झाला म्हणजे, विशेषतः हिवाळ्यातील पहाटे, एरवी न पोहोचणारे दूरचे संकेतही ऐकू येतात. त्यावर विसंबून मात्र योजना करू नये.

अँटेनाची निवड

नवशिक्यासाठी पाव-तरंग ग्राउंड प्लेन अँटेना सर्वांत सुलभ ठरते. १४५ मेगाहर्ट्झसाठी तिची उभी काडी सुमारे ४९ सेंटिमीटरची असते. तेवढ्याच किंवा किंचित अधिक लांबीच्या चार काड्या खाली ४५ अंशांत झुकवल्या की संरोध ५० ओहमच्या जवळ येतो व केबल थेट जोडता येते. सुमारे दीड मीटर लांबीची ‘जे-पोल’ तांब्याच्या नळीपासून बनवता येते व तिला खालच्या काड्या लागत नाहीत. वाऱ्याला अल्प विरोध आणि वानरांना लोंबकळण्यास अल्प वाव हे तिचे गुण विदर्भातील गावांत दुर्लक्षून चालत नाहीत. फायबरच्या नळीतील तयार अँटेनांच्या वेष्टनावर छापलेले डेसिबलचे आकडे पुष्कळदा फुगवलेले असतात.

एकाच दिशेचा दूरचा संपर्क हवा असल्यास यागी अँटेना वापरतात. तीन घटकांची यागी साध्या द्विध्रुवापेक्षा सुमारे पाच डेसिबलने सरस ठरते. एफएम संभाषणासाठी तिचे घटक उभे ठेवावे लागतात. एक अँटेना उभी व दुसरी आडवी असल्यास ध्रुवण न जुळल्याने वीस डेसिबलपर्यंत घट होऊ शकते. आडव्या घटकांची यागी शोभिवंत दिसते, पण उभ्या अँटेनांच्या संगतीत ती जवळपास मुकी होते.

दूरदर्शनच्या काळातील जुन्या अँटेना अजून अनेक छतांवर आढळतात. त्या ४७ ते ६८ किंवा १७४ ते २३० मेगाहर्ट्झ या पट्ट्यांसाठी व आडव्या ध्रुवणासाठी बनवलेल्या असल्याने जशाच्या तशा उपयोगी पडत नाहीत. त्यांच्या अॅल्युमिनियमच्या नळ्या कापून नवी यागी मात्र उत्तम बनते.

केबल

खर्चात काटकसर केली जाते ती बहुधा येथे, आणि नुकसानही येथेच होते. १४५ मेगाहर्ट्झला आरजी-५८ केबलमध्ये शंभर मीटरला सुमारे २० डेसिबल घट होते. म्हणजे वीस मीटर केबलमधून संचाच्या २५ वॅटपैकी अँटेनापर्यंत सुमारे १० वॅट पोहोचतात. आरजी-२१३ वापरल्यास सोळा-सतरा, तर एलएमआर-४०० वापरल्यास सुमारे वीस वॅट पोहोचतात. केबल टीव्हीची आरजी-६ ही ७५ ओहमची असते. निकडीच्या वेळी तिच्यावर भागते.

घट अधिक असलेली केबल मापकालाही फसवते. वीस मीटर आरजी-५८ च्या टोकाची अँटेना पूर्णपणे तुटून पडली असली, तरी संचाजवळील मापक स्थिर तरंग गुणोत्तर २.३ च्या आसपासच दाखवतो. म्हणून पहिले मापन अँटेनाजवळ, आखूड केबल लावून करावे. दीडपेक्षा कमी गुणोत्तर समाधानकारक मानले जाते.

उभारणी

स्लॅबच्या घरावर लोखंडी नळीचा खांब कठड्याच्या भक्कम भिंतीला, किमान दोन ठिकाणी पट्ट्यांनी आवळतात. पाण्याच्या टाकीला किंवा तिच्या नळाला खांब बांधू नये. टिनाच्या छतावर खांबाचा भार पत्र्यावर न देता भिंतीवर किंवा कैचीवर घ्यावा लागतो. पत्र्यामुळे तरंग परावर्तित होत असल्याने अँटेना त्याच्यापासून निदान दोन मीटर वर असावी. भारतीय मानक आयएस ८७५ मध्ये नागपूरसाठी मूलभूत वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर, दिलेला आहे. उंच खांबाला तीन दिशांनी तणावे देण्याचे कारण त्यावरून ध्यानात येते.

खांब कोणत्याही बाजूला कोसळला तरी वीजतारांवर पडणार नाही, अशीच जागा निवडावी. या अटीला अपवाद नाही. अशी जागा नसल्यास खांबाची उंची कमी करावी. सांधे जलरोधक टेपने गुंडाळून केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झोल देतात, म्हणजे पाणी तेथेच गळून जाते.

विजेपासून संरक्षण

मॉन्सूनपूर्व व परतीच्या पावसात विदर्भात विजा पडण्याचे प्रमाण मोठे असते. खांब जाड पट्टीने, तीव्र वळणे न देता, घराबाहेरून थेट जमिनीतील अर्थिंगला जोडावा आणि ते अर्थिंग घराच्या मुख्य अर्थिंगशी एकत्र करावे. येथील काळी माती पावसाळ्यात उत्तम वाहक असते. उन्हाळ्यात मात्र ती भेगाळून नळीपासून सुटते व रोध वाढतो. नेमक्या मे-जूनच्या पहिल्या वादळात अर्थिंग सर्वांत दुर्बळ असते, म्हणून एप्रिलपासून त्या खड्ड्यात पाणी घालत राहावे. केबल घरात शिरते तेथे तडितरक्षक बसवतात. तोही थेट आघात रोखू शकत नाही; त्यामुळे आभाळ दाटू लागताच केबल संचापासून काढून खिडकीबाहेर ठेवण्याची पद्धत अनुभवी रेडिओचालक पाळतात. गडगडाट सुरू झाल्यावर केबलला हात लावू नये.