सुया, लोकर आणि नवं गाव



लग्न होऊन मी कोकणातून झाडीपट्टीत आले, तेव्हा डिसेंबर महिना होता. आमच्या माहेरी थंडी म्हणजे पहाटे पायांवर ओढायची चादर. इथे धानाच्या बांध्यांवर धुकं उतरलं की दुपारपर्यंत हातपाय गारठलेलेच. भाषा मराठीच, पण निम्मे शब्द कळत नव्हते. बोलायला कोणी नव्हतं. शेजारच्या काकू ओसरीवर ऊन खात स्वेटर विणत बसायच्या. एके दिवशी त्यांनी माझ्या हातात दोन सुया दिल्या आणि म्हणाल्या, "बस इथं. वीस टाके घाल." सुलट, उलट, सुलट, उलट करता करता मला गाव कळू लागलं.

पुढे काकूंनीच सांगितलं, "अगं, तुझ्यापेक्षा लांबून आलेल्या बायका इथं आहेत. गोठणगावला जाऊन बघ." आज त्यांचाच इतिहास मी सांगणार आहे.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ प्रतापगड आहे. हा साताऱ्याचा प्रतापगड नव्हे, महाशिवरात्रीच्या यात्रेचा आपला प्रतापगड. तिथे १९७२ साली तिबेटी निर्वासितांची वसाहत वसली. तिचं नाव नोर्गेलिंग. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा झाला तो १९९९ मध्ये.

हे लोक इथवर कसे आले? मार्च १९५९ मध्ये दलाई लामांनी ल्हासा सोडलं आणि महिनाअखेरीस ते भारतात पोचले. त्यांच्या मागोमाग सुमारे ऐंशी हजार माणसं हिमालय ओलांडून आली. आसामात मिसामारी आणि बंगालमध्ये बक्सा इथे छावण्या उघडल्या. थंड, कोरड्या पठारावरची माणसं एकदम दमट उष्णतेत आली आणि आजारांनी गाठली. पुढे कित्येक जण हिमाचलात रस्त्यांच्या कामावर गेले. बायकाही दगड फोडत होत्या. मुलांना सांभाळायचं कोणी? म्हणून मे १९६० मध्ये धरमशाळेला ५१ मुलांचं पाळणाघर सुरू झालं. दलाई लामांची थोरली बहीण त्सेरिंग डोल्मा ते चालवत असे. १९६४ मध्ये ती वारली, तेव्हा धाकटी बहीण जेत्सुन पेमा हिने ते काम हाती घेतलं.

आता लोकरीकडे येऊ. लोकर या बायकांना नवी नव्हती. तिबेटात त्या मागावर नांबू नावाचं जाड लोकरी कापड विणत. रंगीत पट्ट्यांचा पांगदेन, म्हणजे लग्न झालेल्या बाईने कमरेला बांधायचा पदर, तोही मागावरचाच. पण माग मांडायला घर लागतं, जागा लागते, उद्या इथेच राहणार याची खात्री लागते. छावणीत यांतलं काहीच नव्हतं. सुयांचं तसं नाही. दोन सुया आणि लोकरीचा गुंडा पिशवीत मावतो. गाडीत बसून विणता येतं, मूल मांडीवर घेऊन विणता येतं आणि उद्या हलायला सांगितलं तर काम अर्धं ठेवून उठता येतं. हातचे स्वेटर विणून विकणं हा त्या सुरुवातीच्या दिवसांत पोटाचा एक आधार झाला. ऑक्टोबर १९५९ मध्ये दार्जिलिंगला निर्वासितांचं स्वयंसहाय्य केंद्र निघालं. गालिचे, विणकाम, सुतारकाम अशा हातच्या कसबावर ते उभं राहिलं. त्याच्या प्रमुख दलाई लामांच्या भावजय होत्या.

आपल्याकडेही लोकर होतीच की. धनगरांच्या मेंढ्यांची काळी, राठ लोकर. तिची घोंगडी मागावर विणतात. पण ती स्वेटरला चालत नाही, अंगाला टोचते. सुयांवरचं विणकाम आपल्याकडे इंग्रजी अमदानीत आलं. म्हणून वस्तूचं नावही स्वेटर असंच राहिलं. आपण मात्र खाट, टोपली, लुगडं आणि स्वेटर या सगळ्यांना एकच क्रियापद दिलं, विणणे. पाहुण्या कलेला घरचा शब्द दिला.

नोर्गेलिंगला सरकारने जंगलातली जमीन दिली. जव पिकवणाऱ्यांना धान शिकावं लागलं. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसकडे जातो, तो सोसावा लागला. शेतीवर भागेना, तेव्हा हिवाळ्यात स्वेटर विकणं हाच आधार राहिला. ऑक्टोबर उजाडला की कुटुंबं नागपूर-पुण्यासारख्या शहरांत निघतात. फुटपाथवर किंवा मैदानात दुकानं लावून जानेवारीपर्यंत तिथेच राहतात. मागे वसाहतीत म्हातारी माणसं उरतात.

आता हे स्वेटर हातचे नसतात. बहुतेक माल लुधियानाचा, यंत्रावरचा. लुधियानाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. तिथला लोकरीचा धंदा रुजवण्यात एकोणिसाव्या शतकात दुष्काळामुळे काश्मीर सोडून आलेल्या शालविणकरांचा मोठा हात होता. म्हणजे एका परागंदा माणसाने रुजवलेल्या धंद्यावर दुसरा परागंदा माणूस पोट भरतो आहे.

पण हा व्यवहार दिसतो तितका सोपा नाही. माल बहुधा उधारीवर उचललेला असतो. थंडी नीट पडली तर पैसे फिटतात. ती उशिरा आली, लवकर गेली, तर गठ्ठे तसेच परत आणि उधारी डोक्यावर. आपण "यंदा थंडीच नाही, बरं झालं" म्हणतो, तेव्हा कुणाच्या तरी घरी वर्षाचं गणित चुकलेलं असतं.

पहिल्या वर्षी नागपूरच्या बाजारात मी एका तिबेटी आजींशी पन्नास रुपयांसाठी फार घासाघीस केली. स्वेटर घेतला आणि सहज विचारलं, "आजी, गाव कुठलं?" त्या स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "गोठणगाव. तुझं?" मी क्षणभर थांबले. माझं गाव कोणतं सांगायचं, हे मला तेव्हा ठरवता आलं नव्हतं. "अर्जुनी," मी म्हटलं. पहिल्यांदाच. आजी हसल्या आणि म्हणाल्या, "मग शेजारीणच की." पन्नास रुपये मी परत द्यायला हवे होते. दिले नाहीत. ती रुखरुख अजून आहे.

काकू आता नाहीत. त्यांच्या सुया माझ्याकडे आहेत. आमच्या गल्लीत परवाच एक नवी सून छत्तीसगडहून आली आहे, मराठी येत नाही तिला. उद्या तिला ओसरीवर बोलावलं आहे. वीस टाके घालायला भाषा फारशी लागत नाही.

पुढच्या भागात बाळंतविड्यातली टोपी विणायला घेऊ. दहा नंबरच्या सुया आणि मऊ लोकर जवळ ठेवा. नमस्कार.