जाण्याचं कारण

२० एप्रिल १८८३ रोजी मुंबई बंदरातून एक बोट इंग्लंडला निघाली. तिच्यावर पंडिता रमाबाई होत्या, त्यांच्या सोबत आनंदीबाई भगत नावाच्या मैत्रीण होत्या आणि रमाबाईंची मुलगी मनोरमा होती. मनोरमेला दोन वर्षं पूर्ण होऊन चारच दिवस झाले होते. तीन दिवसांनी, म्हणजे भर समुद्रात, रमाबाईंना पंचवीस पूर्ण होणार होती. नवरा जाऊन वर्ष उलटलं होतं. प्रवासाचे पैसे ‘स्त्रीधर्मनीति’ या स्वतः लिहिलेल्या पुस्तकाच्या विक्रीतून उभे केलेले.

याच्या तेराच दिवस आधी, ७ एप्रिलला, कलकत्त्याहून दुसरी एक मराठी बाई अमेरिकेला निघाली होती. आनंदीबाई जोशी. वय अठरा. त्यांची गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत असते. पण निघण्याच्या सहा आठवडे आधी, २४ फेब्रुवारीला, श्रीरामपूरच्या (बंगालमधल्या, आपल्या नगरच्या नव्हे) कॉलेजात त्यांना एक जाहीर भाषण करावं लागलं होतं, हे मला अलीकडेच कळलं. विषय: मी अमेरिकेला का जाते? लोकांचे प्रश्न एकेक करून घ्यायचे आणि उत्तरं द्यायची. इथेच शिकता येत नाही का, एकटी का जाते, जातीबाहेर टाकलं तर काय करशील. रमाबाईंनाही तेच करावं लागलं. त्यांनी सदाशिव पांडुरंग केळकर यांना लिहिलेलं लांबलचक पत्र ‘इंग्लंडचा प्रवास’ म्हणून त्याच वर्षी छापलं गेलं. त्यातही आपण का निघालो याचा खुलासा आहेच.

दोघींनाही पासपोर्ट लागला नाही. हिंदुस्थानातला पासपोर्टचा कायदा आला १९२० साली. म्हणजे सरकारी कागद नव्हता तेव्हाही ‘प्रयोजन’ हा रकाना होताच, फक्त तो समाजाकडे भरून द्यावा लागायचा.

हा रकाना माझ्या डोक्यात बसला तो जपानच्या व्हिसाच्या अर्जामुळे. आईला घेऊन नोव्हेंबरात जपानला जायचं ठरलं होतं. बाबांनी लांबच्या विमानाला आधीच नकार दिला होता. मी मुलुंडच्या घरी डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून आईचा अर्ज भरत होतो. व्यवसाय: गृहिणी. प्रवासखर्च कोण करणार: मुलगा. जपानला भेट देण्याचं प्रयोजन: पर्यटन. आई शेजारी बसून मेथी निवडत होती. ती म्हणाली, “अरे, नुसतं पर्यटन? चालेल का त्यांना?”

त्यांना चालणार होतं. आमच्या बिल्डिंगमध्ये चालत नव्हतं. “मुलगी असते का तिकडे?” “मुलाला कंपनीने पाठवलं असेल, त्याच्याबरोबर जाताय ना?” “पानं बघायला? पानं तर नॅशनल पार्कात पण आहेत.” हे शेवटचं दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं, आणि भूगोलाच्या दृष्टीने अगदी बरोबर. बोरिवलीचं जंगल मुलुंडच्या मागच्या डोंगरापर्यंत येतं. आमच्या गच्चीवरून दिसतं.

हे प्रश्न वाईट मनाने विचारलेले नव्हते. आमच्या भागातल्या आईच्या वयाच्या बायका परदेशी जातात, भरपूर जातात. पण जातात त्या बाळंतपणाला. न्यू जर्सी नाहीतर डॅलस, सहा महिने, बॅगेत डिंकाचे लाडू आणि बाळंतकाढा. मधल्या एखाद्या शनिवार-रविवारी जावई नायगारा दाखवून आणतो. तो फोटो पुढे अनेक वर्षं व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीला असतो. स्थळदर्शन असतं ते, पण मूळ कामाला चिकटून आलेलं. भाजीवाल्याने वर घातलेल्या कोथिंबिरीसारखं.

म्हणून मी रमाबाईंकडे वळलो. आई आणि मूल, परदेश, आणि तेही मराठीत लिहून ठेवलेलं, असं सर्वांत जुनं मला माहीत असलेलं प्रकरण त्यांचंच.

पर्यटनाच्या अंगाने पाहिलं तर ती सहल फार अवघड निघते. इंग्लंडमध्ये त्या वॉन्टेज या गावी सेंट मेरीच्या भगिनींच्या मठात उतरल्या. हेतू होता डॉक्टरकी शिकण्याचा. कमी होत गेलेल्या श्रवणशक्तीमुळे तो बारगळला. तिथला पहिलाच शरद ऋतू त्यांच्यावर तुटून पडला. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई आणि मनोरमा दोघींचा बाप्तिस्मा झाला. इकडे महाराष्ट्रात वादळ उठलं. तिकडे मठातल्या सिस्टर जेराल्डीन आणि रमाबाई यांच्यात पुढची काही वर्षं पत्रापत्री होत राहिली, आणि तिच्यातला एक मोठा झगडा मनोरमेवरून होता: ही मुलगी कुणासारखी वाढवायची? रमाबाईंनी शाकाहार सोडला नव्हता, त्यात सिस्टरना जातीचा अभिमान दिसत होता. रमाबाईंना मुलगी मेमसाहेब व्हायला नको होती. तिला पुढे हिंदुस्थानात राहायचं आहे, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. ही पत्रं १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापली. वाचताना कधी कधी आजच्या एखाद्या एनआरआय कुटुंबाचा फॅमिली ग्रुप वाचतोय असं वाटतं, फक्त इंग्रजी फार चांगलं आहे.

फेब्रुवारी १८८६ मध्ये मायलेकी लिव्हरपूलहून फिलाडेल्फियाला निघाल्या. ११ मार्चला आनंदीबाई जोशींचा पदवीदान समारंभ होता आणि कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी रमाबाईंना बोलावलं होतं. १८८३च्या एप्रिलमध्ये दोन बंदरांतून निघालेल्या त्या दोघी पहिल्यांदा भेटल्या त्या फिलाडेल्फियात. थोड्या दिवसांची भेट म्हणून गेलेल्या रमाबाई अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. गावोगाव व्याख्यानं, विधवांच्या शाळेसाठी निधी, शाळा बघणं, संस्था बघणं. या धावपळीत पाच वर्षांची मुलगी बरोबर ठेवणं जमेना. मनोरमेला इंग्लंडला, वॉन्टेजच्या भगिनींकडे परत पाठवलं गेलं. आई अमेरिकेत, मुलगी इंग्लंडात, मध्ये अटलांटिक आणि पत्रं.

त्यातून १८८९ साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक आलं, मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून. आज वाचलं तर ते प्रवासवर्णनापेक्षा अभ्यास-अहवाल वाटेल: राज्यव्यवस्था, घरं, शिक्षण, धर्मसंस्था, व्यापार, बायकांची स्थिती. पण मला त्यात सतत जाणवली ती बघण्याची हौस. ही बाई खिडकीत बसून टिपणं काढणारी आहे. समुद्र कसा खवळतो हे तिला सांगायचं आहे, अमेरिकन बाया हॅटवर मेलेले पक्षी मिरवतात यावर तिला रागावायचं आहे. कारण म्हणून निधी होता, पण डोळे निधीपुरते उघडे नव्हते. मनोरमा त्या पुस्तकात किती कमी येते, हेही मी पाहिलं. मला ते खटकत राहिलं. नंतर वाटलं, पुस्तकाला जसं सार्वजनिक कारण हवं होतं तसं ते लिहिलं. मुलगी त्या कारणात बसत नव्हती.

११ मार्च १८८९ला चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले, तीही विधवा, एका मुलाची आई. ही बाई १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, अमेरिकेला गेली. इंग्रजी जेमतेम. परक्या घरांत घरकाम करून राहिली आणि हिंगण्याच्या आश्रमासाठी पैसे जमवून १९२० साली परतली. कारण पुन्हा दुसऱ्यांसाठीचं. त्यांचं ‘माझी कहाणी’ कुठे मिळालं तर जरूर वाचा.

मग स्वातंत्र्य आलं आणि प्रयोजनाचा रकाना सरकारकडे गेला. साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी जाणाऱ्याला रिझर्व्ह बँकेचा पी फॉर्म लागायचा आणि खिशात आठ डॉलर घेऊन निघावं लागायचं. आठशे नाही, आठ. एवढ्यात फक्त तोच जाणार ज्याचा खर्च तिकडे कुणीतरी करतंय. म्हणजे ‘कुणाकडे जाताय?’ हा बिल्डिंगमधला प्रश्न चक्क परकीय चलनाच्या नियमातून आलेला आहे. आमच्याकडे अंधेरीला सहारच्या विमानतळावर एका माणसाला सोडायला टेम्पो भरून लोक हार घेऊन जात, ते उगाच नाही. जाणं ही घटना होती.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर १९६७ पर्यंत पासपोर्ट ही सरकारची मर्जी होती. त्या वर्षी सतवंत सिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचा हक्क व्यक्तिस्वातंत्र्यात येतो असं सांगितलं आणि पासपोर्टचा नवा कायदा करावा लागला. १९७७ मध्ये मनेका गांधींचा पासपोर्ट ‘जनहितासाठी’ जप्त झाला. त्यांनी कारण विचारलं, ते द्यायला सरकारने नकार दिला. जानेवारी १९७८चा त्यावरचा निकाल वकिलीच्या पहिल्या वर्षात शिकवतात. मला त्यातली दिशा आवडली. इतकी वर्षं जाणारी बाई कारण सांगत होती. आता अडवणाऱ्याने सांगायचं.

‘नुसतं बघायला’ जाणं मराठी मध्यमवर्गात रुळवलं ते मात्र न्यायालयाने नव्हे, टूर कंपन्यांनी. केसरी १९८४ साली सुरू झाली, वीणा वर्ल्ड २०१३ साली. मराठी बोलणारा टूर मॅनेजर, संध्याकाळी वरण-भात, फक्त बायकांच्या सहली. साहित्यातली नाकं या सहलींना मुरडली गेली आहेत. मला वाटतं, सासूला न विचारता स्वित्झर्लंडला जाता येतं, ही गोष्ट त्यांनी जेवढ्या घरांत पोचवली तेवढी कुठल्या प्रवासवर्णनाने पोचवली नसेल.

आम्ही सहलीतून गेलो नाही, कारण मला पानांचा अंदाज फॉलो करायचा होता. जपानमध्ये पानं लाल होण्याचं वेळापत्रक हवामानासारखं जाहीर होतं. चेरीचा बहर दक्षिणेकडून उत्तरेला सरकतो. पानगळीचा रंग उलटा, उत्तरेकडून दक्षिणेला आणि डोंगरावरून खाली. रात्रीचं तापमान आठ अंशांच्या खाली यायला लागलं की हरितद्रव्य विरायला लागतं. मी त्याची एक्सेल केली होती. आईने मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि छोटा तवा घेतला होता. तिचं नियोजन जास्त उपयोगी पडलं, कारण जपानी जेवणात साध्या दिसणाऱ्या सुपातही माशाचा अर्क असतो. रमाबाई तीन वर्षं अमेरिकेत काय खात असतील, असं ती मला दोनदा म्हणाली.

नोव्हेंबरच्या मध्यावर आम्ही टोकियोहून हाकोनेला गेलो. आशी तळ्याच्या काठी देवदारांसारख्या उंच झाडांच्या ओळीतून जुना राजरस्ता जातो आणि तिथे एक जुनी चौकी २००७ मध्ये होती तशी पुन्हा बांधली आहे. मूळ चौकी सतराव्या शतकाच्या सुरुवातीची. एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, शोगुनने सरदारांच्या बायका-मुलांना ओलीस ठेवलेलं असायचं. त्यामुळे चौक्यांवर दोन गोष्टींवर नजर: आत येणाऱ्या बंदुका आणि बाहेर जाणाऱ्या बायका. हाकोनेला मुख्यतः बायकांवर. बाईला ‘ओन्ना तेगाता’ नावाचा खास परवाना लागायचा. त्यात ती कोण, दिसते कशी, केस कसे, कुठे चालली आणि कशासाठी, हे सगळं लिहिलेलं. तीर्थयात्रा किंवा गरम पाण्याचे झरे ही मान्य कारणं. आपल्याकडे नाही का, बाईला घराबाहेर पडायला काशी नाहीतर पंढरपूर लागायचं, तसंच.

परवान्यातलं वर्णन जुळतं का हे तपासायला चौकीवर एक बाई नेमलेली असे. तिथल्या पुतळ्यांमध्ये तीही आहे, समोरच्या प्रवासी बाईचे केस सोडून बघणारी. मी फोनवर माहिती वाचून आईला सांगत होतो. आई त्या पुतळ्यासमोर बराच वेळ उभी राहिली.

“तपासणारी पण बाईच,” ती म्हणाली.

चौकी १८६९ साली बंद झाली. रमाबाई अमेरिकेहून परतताना पॅसिफिक ओलांडून जपानमार्गे आल्या, १८८८च्या अखेरीस. म्हणजे त्या या देशात उतरल्या तेव्हा चौकी मोडून जेमतेम एकोणीस वर्षं झाली होती. हे मी आईला सांगितलं तोवर ती तळ्याकडे निघाली होती. त्या बाजूला मेपलची तीन-चार झाडं होती आणि ऊन मागून येत होतं.

परतल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये भेटल्या. मुलगी तिकडे नाही, कंपनीने पाठवलं नाही, हे त्यांना आता माहीत होतं. त्यांनी आईच्या फोनवरचे क्योतोचे फोटो तिसऱ्या मजल्यापर्यंत, मग परत खाली येताना पाहिले, आणि विचारलं, “नोव्हेंबरातच जावं लागतं का?”

“क्योतोला शेवटच्या आठवड्यात,” आई म्हणाली. “आधी गेलात तर डोंगरावर जा. आणि तवा न्या.”